‘सॅपवर काम केले आहे का?’ या एका प्रश्नाची तयारी करून घेणारा राजारामपुरीतील वर्ग: आठ महिन्यांनंतरचे परीक्षण

कोल्हापुरात खरेदी, स्टोअर किंवा हिशेब विभागात पाच-सात वर्षे काम केलेल्या माणसाने गोकुळ शिरगाव, शिरोली किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मोठ्या कारखान्यात अर्ज केला, की मुलाखतीच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांतच बहुधा एक प्रश्न येतो: सॅपवर काम केले आहे का? सॅप म्हणजे कारखान्याची खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली. मी ज्या फाउंड्रीत सात वर्षे खरेदी आणि स्टोअरचे काम पाहिले, ती शिवाजी उद्यमनगरातली. तेथे हिशेबासाठी टॅली हे सॉफ्टवेअर होते, एक्सेलच्या शीट होत्या आणि जाड पुठ्ठ्याची तीन रजिस्टरे होती. सॅपची स्क्रीन मी कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती. माझ्यासारख्यांची या प्रश्नासाठी तयारी करून घेणारा एक छोटा वर्ग राजारामपुरीत चालतो. गेल्या वर्षी मी तो पूर्ण केला, मुलाखती दिल्या, नोकरी बदलली आणि नव्या जागी आठ महिने काढल्यावर आता त्याविषयी लिहीत आहे. वर्ग संपल्याबरोबर लिहिले असते तर केवळ कौतुक झाले असते. तेथे शिकलेल्यापैकी प्रत्यक्ष कामात काय टिकले आणि काय अपुरे पडले, हे आता सांगता येईल.

वर्गाला नाव नाही, पाटी नाही आणि जाहिरातही नाही. एका मोठ्या कारखान्यातून स्टोअर आणि खरेदी व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर तो घेतात आणि आपले नाव कोठे छापू नये असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले आहे. म्हणून येथे त्यांना नुसते ‘सर’ म्हणते. आठ बैठका, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी, प्रत्येकी दोन तासांच्या. एका तुकडीत जास्तीत जास्त दहा जण. शुल्क ३,५०० रुपये. मी गेले त्या तुकडीत चार जणी आणि पाच जण होते, आणि एक जण सोडला तर सर्व जण फाउंड्री, मशीन शॉप किंवा यंत्रमागाच्या व्यवसायातून आलेले होते.

तेथे जाण्यापूर्वी माझ्या दोन मुलाखती फसलेल्या होत्या आणि त्या वेगवेगळ्या कारणांनी फसल्या होत्या, म्हणून त्या सांगणे आवश्यक आहे. पहिल्या ठिकाणी सॅपविषयी विचारल्यावर मी ‘नाही’ म्हणाले आणि गप्प बसले. समोरच्या साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग ‘कळवतो’ म्हणून अर्ज मिटला. त्यांना मी आणखी काय सांगायला हवे होते, हे मला केएमटीच्या बसमध्ये बसल्यावर सुचू लागले. दुसऱ्या मुलाखतीपूर्वी मी एका संगणक वर्गात चौकशीला गेले होते. ‘अर्जात सॅपचे प्राथमिक ज्ञान आहे असे लिहा, प्रमाणपत्र आम्ही देतो, सगळे असेच करतात,’ असे तेथे सांगण्यात आले. प्रमाणपत्र मी घेतले नाही, पण ते वाक्य अर्जात लिहिले. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, की पुरवठादाराला नापास माल परत पाठवताना कोणता मुव्हमेंट टाइप वापराल. माल आत आला, खर्ची पडला की परत गेला, हे सांगणारा तो सॅपमधील तीन आकडी कोड; मला तेव्हा तो शब्दच ठाऊक नव्हता. त्यानंतर टॅलीतील कामाबद्दल मी जे खरे सांगितले, त्यावरही त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. ज्याने एक ओळ खोटी लिहिली, त्याच्या उरलेल्या ओळी कोणी का मानाव्यात? त्या दिवसाची खंत मला अजून आहे.

सरांच्या पहिल्या बैठकीत सॅपचा उल्लेख झाला नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद मिळाला आणि आपण हाताळलेल्या एका मालाचा, गरज निर्माण झाल्यापासून पुरवठादाराचे पैसे चुकते होईपर्यंतचा प्रवास लिहायला सांगण्यात आले. मी भंगार, म्हणजे भट्टीत जाणारे लोखंडी स्क्रॅप, निवडले आणि अर्धे पान लिहून पेन ठेवले. सरांनी ते वाचून प्रश्न विचारायला सुरुवात केली. मागणी तोंडी येत असे की लेखी? दर कोणी मंजूर करायचे? गाडी फाटकातून आत आली तेव्हा पहिली नोंद कोणी आणि कशात केली? वजन कोणत्या काट्यावर झाले, पुरवठादाराच्या की आपल्या? माल पाहून पास कोण करत असे आणि तोवर तो कोठे ठेवत? चलन (मालाबरोबर येणारा कागद) आणि बिल यांत फरक पडला तर पैसे कोण अडवत असे? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, कारण ते सारे मीच करत असे. परंतु अर्ध्या पानात त्यातले काहीच आलेले नव्हते. घरी जाऊन मी तो कागद पुन्हा लिहिला तेव्हा तो साडेचार पाने झाला. पहिल्या मुलाखतीतील माझी शांतता कोठून आली होती, ते त्या पानांवर मला दिसले: आपण करतो ते काम म्हणजे सांगण्याजोगे काही आहे, असे मला वाटलेलेच नव्हते.

त्यातील एक प्रसंग सरांनी फळ्यावर घेतला आणि मला वाटते की साऱ्या वर्गाचा गाभा त्या एका तासात होता. आम्ही दहा टन स्क्रॅपची ऑर्डर दिलेली असायची. गाडीबरोबरच्या चलनावर १०,००० किलो लिहिलेले असायचे आणि आमच्या काट्यावर ती ९,८४० किलो भरायची. मी जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) ९,८४० किलोचा करत असे. आठवड्याने बिल मात्र १०,००० किलोचेच येई. मग मी ऑर्डर, जीआरएन आणि बिल हे तिन्ही कागद शेजारी ठेवून १६० किलोंची डेबिट नोट (बिलातून तेवढी रक्कम वजा करणारा कागद) काढत असे आणि ती निघाल्याशिवाय हिशेबनिसाकडे बिल सोडत नसे. सरांनी विचारले, ‘ताई, याला काय म्हणतात?’ मी म्हणाले, ‘बिल तपासणी.’ त्यांनी फळ्यावर लिहिले: थ्री-वे मॅच. सॅपमध्ये हीच तपासणी मिरो नावाच्या व्यवहारात होते. ऑर्डर आणि जीआरएन यांच्याशी बिलाचा आकडा ठरवून दिलेल्या मर्यादेत जुळला नाही, तर ते बिल पैसे देण्यासाठी आपोआप रोखले जाते. मी जे पेन्सिलने आणि लक्षात ठेवून करत असे, ते तेथे यंत्रणा करते. पण बिल का अडले आणि ते सोडवायचे कसे, हे कळायला माणूसच लागतो, आणि तो माणूस मी होते.

यानंतर सरांनी एक मोठा कागद वाटला. त्यावर तीन रकाने होते: आपले काम, टॅलीतील नोंद आणि सॅपमधील नोंद. विभागाची मागणी म्हणजे आमचे इंडेंट, सॅपमध्ये पर्चेस रिक्विझिशन, त्याचा कोड एमई५१एन. खरेदी आदेश म्हणजे पीओ, कोड एमई२१एन. माल आत घेणे म्हणजे टॅलीतील रिसीट नोट, सॅपमध्ये मिगो, आणि ऑर्डरवरील माल आत घेण्याचा मुव्हमेंट टाइप १०१. तीच नोंद चुकली तर उलटवायला १०२. माल पुरवठादाराला परत करायचा तर १२२. उत्पादनाच्या ऑर्डरवर माल दिला तर २६१ आणि एखाद्या विभागाच्या खर्चात टाकला तर २०१. दुसऱ्या मुलाखतीत मला आडवा आलेला प्रश्न म्हणजे यातला एक तीन आकडी अंक होता, आणि ते काम टॅलीत रिजेक्शन्स आउट या नावाने मी कितीतरी वेळा केलेले होते. तो कागद वाचताना मला दिलासाही वाटला आणि रागही आला. राग आपण त्या दिवशी हे काम आपले म्हणून ओळखू शकलो नाही याचा.

हे अंक पाठ करून मुलाखतीत फेकायचे नाहीत, अशी सरांची सक्त ताकीद असते. त्यांचे म्हणणे असे, की अंक सांगणाऱ्याला समोरचा लगेच पुढचा अंक विचारतो आणि तिसऱ्या अंकाला तो उघडा पडतो. अंक ओळखीपुरते माहीत असावेत, म्हणजे प्रश्न कानावर आला की तो आपल्या कोणत्या कामाबद्दल आहे हे कळते. उत्तर मात्र कामाच्या भाषेत द्यावे. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. यूट्यूबवर तासन्‌तास व्हिडिओ पाहून गेलेल्या आमच्या तुकडीतील एका मुलाची पहिल्या सराव मुलाखतीत नेमकी अशीच गत झाली होती.

माझ्यासाठी सर्वांत उपयोगी ठरला तो जॉबवर्कचा, म्हणजे आपला माल बाहेर पाठवून त्यावर काम करून घेण्याचा भाग, आणि तो थोडा विस्ताराने लिहिते, कारण कोल्हापुरातील बहुतेक अर्जदारांना तो लागू पडेल. आमच्या फाउंड्रीतील कास्टिंग मशीनिंगसाठी बाहेरच्या पाच-सहा मशीन शॉपकडे जात असे. कोणाकडे किती नग गेले, किती परत आले, किती नापास झाले, हे मी चलन रजिस्टरमध्ये लिहीत असे. यामागे कायद्याचाही धाक होता: जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धा तयार माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विकला असे धरले जाते आणि कर भरावा लागतो. यंत्रसामग्रीसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे. साचे, डाय, जिग आणि फिक्स्चर यांना ती लागू नाही. आयटीसी-०४ हा तपशिलाचा अर्ज भरताना हिशेबनिसांना माझेच रजिस्टर लागत असे. हे सर्व मी सांगितल्यावर सरांनी विचारले, ‘मशीन शॉपमध्ये पडलेला माल कोणाचा?’ मी म्हणाले, ‘आपलाच, फक्त जागा त्यांची.’ त्यांनी सांगितले, की सॅपमध्ये सबकॉन्ट्रॅक्टिंगचा सारा विचार या एका वाक्यावर उभा आहे. मुव्हमेंट टाइप ५४१ ने माल जॉबवर्करकडे जातो, पण शिल्लक आपल्याच नावावर, त्या पुरवठादाराकडे आहे अशी दिसत राहते. तयार माल आत आला की पाठवलेला माल ५४३ ने खर्ची पडतो. मोठ्या कारखान्यात महिनाअखेरीला जो घोळ निस्तरावा लागतो, त्यातला बराचसा याच ठिकाणचा असतो, कारण नोंद झालेली असते पण मशीन शॉपमध्ये जाऊन कोणी मोजलेले नसते. मी दर तीन महिन्यांनी सायकलवरून जाऊन मोजत असे. ‘ही गोष्ट मुलाखतीत सांगितली नाहीत तर तो तुमच्यावरच अन्याय होईल,’ असे सर म्हणाले. त्या क्षणापर्यंत मी ती कोणालाही सांगितलेली नव्हती.

असाच एक छोटा, पण नेमका धडा मालाच्या अवस्थांचा होता. आमच्या स्टोअरमध्ये आलेला माल तीन ठिकाणी असे: पास झालेला रॅकवर, तपासणीचा पिवळ्या पट्टीच्या आत आणि नापास लाल पट्टीच्या आत. सॅपमध्ये शिल्लक याच तीन प्रकारांत दिसते, अनरिस्ट्रिक्टेड, क्वालिटी इन्स्पेक्शन आणि ब्लॉक्ड. जमिनीवर रंगवलेल्या दोन पट्ट्या ज्याला समजल्या, त्याला हा भाग शिकवावा लागत नाही.

आता त्या मुख्य प्रश्नाच्या उत्तराविषयी. सर त्यासाठी साचेबंद वाक्ये देत नाहीत, परंतु क्रम देतात आणि तो घड्याळ लावून घोटून घेतात. आधी स्वच्छ ‘नाही, मी सॅपवर काम केलेले नाही’ असे म्हणावे. ‘तसे थोडेसे’, ‘पाहिले आहे’ असले आडपडदे ठेवू नयेत. मग श्वास न सोडता, मी अमुक प्रणालीवर इतकी वर्षे हे काम केले आहे, असे सांगून एकच प्रसंग आकड्यांसह सांगावा. त्यानंतर आपण स्वतः काय तयारी केली आहे ते सांगावे, आणि शेवटी त्यांच्या पद्धतीविषयी एक खरा प्रश्न विचारावा. हे सर्व दीड मिनिटात बसले पाहिजे. माझे पहिले उत्तर चार मिनिटांचे झाले होते, कारण मी माफी मागितल्यासारखे बोलत होते. संधी मिळाली नाही, मालकांनी घेतले नाही, खर्च परवडत नव्हता. सरांनी ती सगळी वाक्ये काढून टाकायला लावली. मालकांनी सॅप का घेतले नाही, हा मुलाखतीचा विषयच नाही, असे ते म्हणाले, आणि ते मला पटले.

शेवटचा प्रश्न कोणता विचारावा यावर त्यांनी जवळजवळ एक संपूर्ण बैठक घेतली. सॅपचा इतिहास त्यांनी याच निमित्ताने सांगितला: १९७२ साली जर्मनीत, आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी ही कंपनी काढली, १९९२ मध्ये आर/थ्री ही आवृत्ती आली, २०१५ मध्ये एस/फोर हाना आली, आणि जुन्या ईसीसी आवृत्तीचा मुख्य आधार कंपनीने २०२७ अखेरपर्यंतच ठेवलेला आहे. यामुळे अनेक कारखाने सध्या जुन्यावरून नव्यावर जात आहेत, आणि तेथील जुने कर्मचारीसुद्धा नव्या स्क्रीन शिकत आहेत. तेव्हा ‘आपण ईसीसीवर आहात की हानावर गेलात?’ हा प्रश्न नुसता चौकसपणाचा राहत नाही. उत्तर ‘आत्ताच बदलत आहोत’ असे आले, तर नवशिक्या माणसाची अडचण बरीच हलकी होते. दुसरा प्रश्न मला स्वतःला अधिक आवडला: ‘आपल्याकडे मालाची तपासणी जीआरएनच्या आधी होते की नंतर?’ ज्याने स्टोअरमध्ये उभे राहून काम केले आहे, त्यालाच हा प्रश्न सुचतो, आणि समोर बसलेल्याला ते कळते.

प्रत्यक्ष सरावासाठी वर्गात सॅप नाही. त्याच्या परवान्याचा खर्च एवढ्याशा वर्गाला झेपणारा नाही. त्याऐवजी दोन जुन्या संगणकांवर ईआरपीनेक्स्ट टाकलेले आहे. ही मुंबईच्या फ्रापे कंपनीने घडवलेली, मुक्तस्रोत आणि विनामूल्य वापरता येणारी प्रणाली आहे. तिच्यात मटेरियल रिक्वेस्ट, पर्चेस ऑर्डर, पर्चेस रिसीट आणि पर्चेस इनव्हॉइस ही साखळी एकातून दुसरी काढत जाता येते, त्यामुळे एका नोंदीतून पुढची नोंद जन्मते म्हणजे काय, हे हाताला समजते. ज्यांनी टॅली घरी शिकले आहे त्यांना त्याच्या एज्युकेशनल मोडची सवय असते, ज्यात महिन्याची पहिली, दुसरी आणि ३१ तारीख एवढ्याच तारखांना नोंदी करता येतात. त्यामुळे माल एका तारखेला, बिल आठवड्याने, पैसे महिन्याने, असा खरा क्रम त्यात अनुभवता येत नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये तो येतो. मी आठवड्यातून तीन संध्याकाळी जाऊन तेथे माझ्याच जुन्या फाउंड्रीचे एक महिन्याचे काम, पिग आयर्न, बेंटोनाइट, फेरोसिलिकॉन आणि सिलिका सँड यांच्या खरेदीसह, नव्याने उभे केले. मुलाखतीत ‘तुम्ही स्वतः काय केलेत?’ या प्रश्नाला मी हेच उत्तर दिले आणि ते खरे असल्यामुळे कोठेही अडखळले नाही. याखेरीज सॅपच्या स्वतःच्या शिक्षणाच्या संकेतस्थळावर काही अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, तेही सर वाचायला लावतात. ते इंग्रजीत आहेत आणि एकट्याने वाचायला जड जातात; वर्गात दोघी-दोघींनी वाचल्यामुळे निभावले.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. सर आयुष्यभर खरेदी आणि स्टोअरमध्ये राहिले, म्हणून वर्गही तेथेच रमतो. आमच्या तुकडीत इचलकरंजीहून येणारी एक मुलगी हिशेब विभागासाठी तयारी करत होती. तिला मिरोच्या अलीकडचे सगळे मिळाले, पण त्यापलीकडचे, म्हणजे माल आला आणि बिल यायचे आहे या अवस्थेत रक्कम कोणत्या खात्यात थांबते, महिनाअखेर कशी बंद करतात, यातले फारच थोडे मिळाले. शुल्क मात्र तिनेही तेवढेच दिले होते. हिशेब आणि उत्पादन नियोजन विभागातील अर्जदारांना सरांनी आधीच स्पष्ट सांगायला हवे, असे माझे मत आहे.

सराव मुलाखती दोनच होतात आणि त्या मराठीत होतात. औद्योगिक वसाहतीतील काही मोठ्या कारखान्यांत मुलाखतीचा निम्मा भाग इंग्रजीत चालतो, आणि जे काम मराठीत स्वच्छ सांगता येते ते इंग्रजीत सांगताना आपण पुन्हा त्या अर्ध्या पानावर येतो. निदान एक सराव मुलाखत इंग्रजीत घेणे गरजेचे आहे. शिवाय मुलाखतीनंतरचा अभिप्राय तोंडी मिळतो. तो कागदावर मिळाला असता तर घरी पुन्हा पाहता आला असता. मी तो जिन्यात उभी राहून वहीत उतरवून घेत असे.

तिसरी उणीव मला नोकरी लागल्यावर कळली. सरांचा तीन रकान्यांचा कागद जुन्या आवृत्तीवर बेतलेला आहे. त्यात नवा पुरवठादार नोंदवण्याचा कोड एक्सके०१ असा दिला आहे. आमच्या कारखान्यात हाना आहे, आणि तेथे पुरवठादार व ग्राहक दोघेही बिझनेस पार्टनर म्हणून बीपी या एकाच ठिकाणी नोंदवले जातात. सुदैवाने मुलाखतीत मला तो कोड कोणी विचारला नाही. अंक फेकू नका ही सरांची ताकीद अशा वेळी किती उपयोगाची आहे, हेही त्यातून कळले, पण म्हणून कागद जुना ठेवणे योग्य ठरत नाही.

वर्गानंतर मी दोन मुलाखती दिल्या. पहिल्या ठिकाणी त्यांनी सॅपवर तीन वर्षे काम केलेल्या उमेदवाराला घेतले आणि मला तसे फोन करून सांगितले. वर्गाने प्रत्येकाला नोकरी मिळते असा दावा सर करत नाहीत, आणि कोणी करू नये. जेथे पहिल्या दिवसापासून त्याच प्रणालीवर हात चालणारा माणूस हवा असतो, तेथे आपल्याला नकार येणार आणि तो रास्त असतो. दुसरी मुलाखत गोकुळ शिरगावात होती. प्रश्न आला, मी ‘नाही’ म्हटले, चलन रजिस्टरची आणि मशीन शॉपमधील मोजणीची गोष्ट सांगितली आणि तपासणी जीआरएनच्या आधी होते की नंतर, असे विचारले. खरेदी प्रमुखांनी उत्तर देण्याऐवजी स्टोअरच्या प्रमुखांकडे पाहिले आणि त्या दोघांचीच चर्चा सुरू झाली, कारण त्यांच्याकडे काही माल आधी तपासला जात होता आणि काही नंतर, आणि त्यावर त्यांचे एकमत नव्हते. पुढची वीस मिनिटे आम्ही तिघे जॉबवर्करकडे पडून राहणाऱ्या मालाविषयी बोललो. सॅपचा विषय परत निघाला तो शेवटी, आणि तोही ‘शिकायला किती दिवस लागतील असे वाटते?’ एवढाच. मी म्हणाले, नोंदींना तीन आठवडे, अहवालांना तीन महिने. सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर मला घेतले गेले.

माझा तो अंदाज निम्मा खरा ठरला. मिगो आणि पीओच्या स्क्रीन दोन आठवड्यांत हातात बसल्या. अहवालांना मात्र पाच महिने लागले, कारण एमबी५१ या मालाच्या हालचालींच्या अहवालातून हवी तीच माहिती काढायला प्रश्न नेमका विचारावा लागतो, आणि ते कौशल्य कोणताही वर्ग आठ बैठकांत देऊ शकणार नाही. मटेरियल मास्टरमधील, म्हणजे प्रत्येक मालाच्या मूळ माहितीच्या नोंदीतील, एककांचा गोंधळही मला नवा होता: खरेदी टनात, शिल्लक किलोत आणि उत्पादनाला देताना बॅचमध्ये. हे रूपांतर एकदा चुकीचे भरले गेले की पुढची प्रत्येक नोंद चुकत जाते. सरांच्या वर्गात यावर अर्धा तास मिळाला होता, तो दोन तास असायला हवा होता.

कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, हेही सांगते. कामाचा अनुभव आहे पण प्रणालीचा नाही, अशा खरेदी आणि स्टोअरमधील माणसांनी अवश्य जावे. त्यांना ३,५०० रुपये वसूल होतात असे माझे ठाम मत आहे. नुकतीच पदवी घेतलेल्या, एकही जीआरएन न केलेल्या मुलामुलींनी घाई करू नये. पहिल्या दिवशीच्या कोऱ्या कागदावर लिहायला त्यांच्याकडे काही नसते, आणि आमच्या तुकडीतील तसा एक मुलगा तिसऱ्या बैठकीनंतर यायचा थांबला. त्यांनी आधी उद्यमनगरातील एखाद्या कारखान्यात, टॅली आणि रजिस्टर असले तरी चालेल, वर्षभर स्टोअरमध्ये काम करावे. नुसते प्रमाणपत्र हवे असलेल्यांनी तर जाऊच नये, कारण सर ते देत नाहीत.

जागेविषयी एवढेच, की जिना अरुंद आणि उभा आहे, वयस्कर माणसांना तो त्रासाचा होईल, आणि शनिवारी संध्याकाळी राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते. बाहेरगावहून येणाऱ्यांनी रविवारची सकाळ धरावी.

मागच्या महिन्यात मी सरांकडे जाऊन त्यांच्या कागदावरील जुन्या नोंदी दाखवल्या. त्यांनी लाल पेनने त्या माझ्यादेखत बदलल्या, बाकीचे कोडही तपासून द्यायला सांगितले आणि हिशेब विभागाच्या दोन बैठका घेऊ शकेल असे कोणी माझ्या ओळखीचे आहे का, असे विचारले. आमच्या कारखान्यातील एक ताई तयार झाल्या आहेत. नव्या तुकडीला वाटलेल्या कागदावर आता एक्सके०१ च्या जागी बीपी असे छापलेले आहे.